सॅकसकट दहा

सॅक पाठीवर चढवून छटाक स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, तेव्हा पुढे जायला दार पुरेना आणि मागे सरायला सुचेना. दोन उशा आणि एक रजई कोंबलेली ती नवी सॅक चौकटीत पाचरीसारखी बसली होती.

"अहो, जरा तिरके व्हा की," शिलाई मशीनवरून मान वर न करता बायको म्हणाली.

"तिरकं झालं की सगळा भार एका खांद्यावर येतो. दुकानदारानं बजावलंय."

"जन्मभर तिरके झाला नाहीत, वाकला नाहीत, म्हणून बढती दारात अडकली. आता तुम्हीपण अडका."

छटाक हे त्याचं खरं नाव नव्हे. तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता, आणि छटाकभर मापही सोडत नाही म्हणून बाजाराने त्याला हे नाव ठेवलं होतं. बाजार नाव ठेवतो ते एक तर रागाने किंवा भीतीने. इथे दोन्ही होतं. त्याच्या खात्यात बाकी सगळ्यांची मापं लवचीक होती. साहेबांच्या घरी भाजी विकत आणलेली शेजाऱ्यांनी कधी पाहिली नव्हती. भाजी आपल्या पायांनी चालत येई. धाड घालायची असली की आदल्या दिवशी साहेबांच्या ड्रायव्हरला बाजारात काहीतरी काम निघे. तो दोन दुकानांत चहा पिऊन येई, आणि दुसऱ्या दिवशी खात्याची जीप पोचे तेव्हा अख्खा बाजार धुतल्या तांदळासारखा. फक्त छटाक तेवढा गुडघ्यांवर बसून मालाच्या पारड्याखाली हात घाली आणि चिकटवलेला मेणाचा गोळा काढून दाखवी. मग भरल्या ताटावर कुणी जुलाबाची गोष्ट काढावी, तसे साहेब त्याच्याकडे बघत.

असा हा माणूस पन्नाशी उलटल्यावर डोंगर चढायला निघाला होता, आणि त्याला कारण त्याची लेक.

लेक सुटीच्या दिवशी एका ग्रुपबरोबर डोंगरात जायची. पुढच्या महिन्यात ती नोकरीसाठी दूर जाणार होती. इतकी दूर, की तिथून माणूस घरी येतो तो पाहुण्यासारखा येतो. त्याआधी ग्रुपचा चार दिवसांचा मोठा ट्रेक होता. छटाकने बरेच दिवस मनात घोळवून एका संध्याकाळी जेवताना विचारलं, "मी येऊ का?"

लेकीचा घास हातातच राहिला. तिच्या डोळ्यांपुढे शाळा उभी राहिली असणार. ती लहान असताना दप्तर फार जड आहे म्हणून छटाकने शाळेसमोरच्या वाण्याचा काटा उचलून थेट शाळेच्या पटांगणात नेला होता, आणि सगळी मुलं रांगेत उभी असताना मुख्याध्यापकांना आकडा वाचून दाखवला होता. दप्तर काही हलकं झालं नाही. पोरीचं नाव मात्र 'किलो' पडलं, ते शाळा सुटेपर्यंत पुरलं.

"बाबा, तुम्ही तिथं बिस्किटंसुद्धा तोलून वाटाल," ती म्हणाली.

"नाही वाटणार."

"कुणाची तरी सॅक उचलून म्हणाल, ही भरत नाही."

"नाही म्हणणार."

बायको मध्ये पडली. "घेऊन जा गं त्यांना. चार दिवस मलाही मोकळा श्वास मिळेल. इथं मिठाची पुडी फोडायच्या आधी तिच्यावरचा आकडा वाचून दाखवतात मला."

शेवटी लेक तयार झाली, पण दोन अटींवर. पहिली अट ग्रुपच्या म्होरक्याची. तो एका शाळेत व्यायाम शिकवायचा आणि सगळे त्याला कप्तान म्हणत. नव्या माणसाने शनिवारी सॅकसकट दहा किलो ओझं आपल्या घरापासून गावाबाहेरच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालत आणायचं. वाटेत सॅक एकदाही पाठीवरून उतरवायची नाही. पायथ्याशी कप्तान स्वतः ती लटकवून तोलणार. कमी भरली, तर आल्या वाटेने घरी.

दुसरी अट लेकीची स्वतःची. "त्या दिवशी घरातून पाऊल बाहेर टाकल्यापासून कशाचंही वजन करायचं नाही, कशाचंही माप तपासायचं नाही. माझी शपथ आहे."

"आणि चुकीचं माप दिसलं तर?"

"डोळे मिटायचे. सगळं जग मिटतं. तुम्ही एक दिवस मिटा."

छटाकने शपथ घेतली. तोंड कडू औषध प्यायल्यासारखं झालं होतं, पण घेतली.

मग त्याने सॅक आणली. मधल्या आकाराची, शाळेचं दप्तर नव्हे आणि बिस्तराही नव्हे. दुकानदार म्हणाला, "पंचेचाळीस लिटरची आहे काका."

"पाणी भरून मोजलीत?"

"सॅकमध्ये पाणी कोण भरतं?"

"मग लिटर कशाला सांगता?"

दुकानदाराने एवढंच केलं, की कंबरेचा पट्टा, छातीचा पट्टा, खांद्याचे पट्टे भराभर दाखवले आणि गिऱ्हाईक दाराबाहेर काढलं. घरी आल्यावर बायकोने ते पट्टे बघून डोक्याला हात लावला. "एवढे बंद? आमच्या कामात एका नाडीवर भागतं." तरी तिने ते सगळे त्याच्या अंगाबरोबर ओढून, खुणेपुरता टाका घालून बसवून दिले. शिवणाऱ्या हाताला राहवत नाही.

दारात अडकलेला छटाक शेवटी बायकोने रजई आणि उशा उपसल्यावर सुटला. उशांनी आकार कळला, पण वजनाचं काय?

"पाण्याच्या बाटल्या भरा," बायको म्हणाली.

"बाटलीवर छापलंय तेवढं पाणी आत असतं, असं तुला कुणी सांगितलं?"

"डाळ-तांदूळ भरा."

"ते वाण्यानं तोललेत."

"मग एक काटा घेऊन या घरी आणि संपवा एकदाचं."

सगळ्या बाजाराचे काटे तपासणाऱ्या या माणसाच्या घरी काटा नव्हता. शिक्का नसलेला काटा घरात ठेवणं त्याला पटत नव्हतं, आणि आपल्याच काट्यावर आपल्याच हाताने शिक्का मारणं नियमात बसत नव्हतं. त्याला खात्री असलेली वजनं जगात एकाच ठिकाणी होती. ऑफिसच्या लोखंडी कपाटात, लाकडी पेटीत, खात्याची प्रमाण वजनं. बाजारातलं प्रत्येक माप ज्यांच्याशी ताडून बघतात, ती.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याने पाच किलोचं, दोन किलोचं, एक किलोचं आणि अर्ध्या किलोचं वजन पेटीतून काढलं. सॅक स्वतः दीड किलो. ती त्याने दुपारीच ऑफिसच्या काट्यावर घालून पाहिली होती. बरोबर दहा. ज्या माणसाने खात्याच्या पेन्सिलीने कधी घरची यादी लिहिली नव्हती, तो खात्याचं लोखंड टॉवेलात गुंडाळून घरी चालला होता. जिना उतरताना कुणी मागून हाक मारेल या भीतीने त्याच्या मानेला घाम सुटला. साहेब दर महिन्याला जे पचवत होते, त्याच्या नखाएवढं पचवताना याला ओकारी येत होती. शनिवारी सुटी. सोमवारी शिपायाच्या आधी पोचायचं आणि ठेवून द्यायचं. बस.

शनिवारी सकाळी बायकोने त्याच्या छातीवरचं बकल खटकन लावलं. एक किलोचं आणि अर्ध्या किलोचं वजन बाजूच्या खिशात होतं, मोठी दोन्ही आत खोल.

"एक लक्षात ठेवा," ती म्हणाली, "वाकू नका. वाकलात तर सगळं डोक्यावरून पुढं येईल. आज पहिल्यांदाच सांगतेय तुम्हाला, वाकू नका म्हणून. तेवढं तरी ऐका."

टेकडीकडे जाणारा सरळ रस्ता भाजीबाजारातून होता. छटाकचा हिशेब असा, की एवढ्या सकाळी दुकानं नुकती मांडत असतील, कुणाचं लक्ष जाणार नाही. प्रामाणिक माणसाला स्वतःची भीती किती लांबून दिसते, हे कधी कळतच नाही.

कोपऱ्यावरच्या बटाटेवाल्याने त्याला पहिल्यांदा पाहिलं. जीप नाही. शिपाई नाही. काल ड्रायव्हर चहाला आला नव्हता. छटाक एकटा, पायी, छातीवर पट्टे आवळून, आणि पाठीवर सगळं खातं बांधून घेतल्यासारखं ओझं. वर प्रत्येक पावलाला आतून लोखंडावर लोखंड वाजल्याचा खण्ण आवाज.

"छटाक आला," तो शेजारच्या टोमॅटोवाल्याला म्हणाला.

"आज सुटी आहे खात्याला."

"म्हणून तर आलाय. साहेबाला न सांगता आलाय. खरीखुरी धाड आहे ही."

बाजारात खरीखुरी धाड पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पारडी उलटी झाली, नखांनी मेण खरवडलं गेलं, तळाशी भोक पाडून हलकी केलेली वजनं कांद्याच्या पोत्यांत आणि तिथून गटारात गेली. एका लसूणवाल्याने तर घाबरून आपलं चांगलं वजनही फेकलं. आणि मग, दुसरा काही मार्गच न उरल्यामुळे, जवळजवळ सगळा बाजार खरं माप घालू लागला.

याचा पहिला त्रास गिऱ्हाइकांना झाला. एका बाईने पिशवीत डोकावून विचारलं, "एवढे टोमॅटो का देताय? नासके आहेत का?"

"नाही ताई. किलोत एवढेच येतात."

"आजवर कधी आले नाहीत."

"आजवर तुम्ही विचारलं नाहीत."

तिने शेजारणीला फोन केला. शेजारणीने तिच्या जावेला. बघता बघता गल्ल्यागल्ल्यांतून लोक पिशव्या घेऊन धावत सुटले, आणि बाजाराच्या मधोमध छटाक रुतून बसला.

त्याची अवस्था बघवत नव्हती. डावीकडे एक पारडं उघड उघड झुकलेलं, उजवीकडे एका विक्रेत्याचा अंगठा काट्यावर. तीस वर्षांच्या सवयीने हात पुढे जायचा आणि शपथ आठवून मागे यायचा. अखेर त्याने लेकीचं ऐकलं. डोळे मिटले आणि तसाच चाचपडत पुढे निघाला.

"बघतसुद्धा नाही रे," टोमॅटोवाला म्हणाला. "आधीच सगळं ठाऊक आहे त्याला."

तोवर साहेबांचा फोन वाजून वाजून गरम झाला होता. "साहेब, कळवायचं तरी होतं." "साहेब, आमची चूक काय झाली ते सांगा." "साहेब, परवाची कोबी विसरलात होय?" साहेबांना काहीच कळेना. त्यांनी दाढीचा साबण एका गालावर तसाच ठेवून ऑफिस गाठलं, आपल्याकडच्या किल्लीने कपाट उघडलं आणि पेटीचं झाकण उचललं. प्रमाण वजनांच्या जागी मखमलीत नुसते खड्डे होते.

साहेब खुर्चीत बसले. सुटीच्या दिवशी, आपल्याला बाजूला ठेवून, छटाक वजनं घेऊन बाजारात गेलाय. छटाक नियमाबाहेर शिंकतसुद्धा नाही. म्हणजे त्याला कुणीतरी वरून पाठवलंय. म्हणजे आपली फाइल उघडलीय. लाचखाऊ माणसाचं डोकं एका बाबतीत फार तल्लख चालतं: वाचायची वाट कुठून आहे, हे त्याला सगळ्यांत आधी दिसतं. धाड कुणीतरी घातलीच असेल, तर ती आपणच घातलेली बरी.

जीप हॉर्न वाजवत बाजारात घुसली. साहेबांनी उडी मारली. शर्टाची बटणं एक घर चुकून लागलेली.

छटाकने डोळे उघडले आणि समोर साहेब दिसले. चोरी सापडली. त्याला लपवाछपवी येतच नव्हती, त्यामुळे त्याने लगेच तोंड उघडलं. "साहेब, ती वजनं मी काल..."

"मीच सांगितलं होतं!" साहेब सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असे ओरडले. "ही धाड माझी आहे. गेले कित्येक दिवस माझी तयारी चालली होती."

"नाही साहेब, मी ती माझ्या कामासाठी..."

"गप्प बसा. नम्रपणाची वेळ नाही ही." मग आवाज खाली आणून, "कशाला लाज काढताय चारचौघांत? काय ते आपण ऑफिसात बोलू. आता सॅक खाली ठेवा आणि वजनं काढा."

"खाली ठेवता येणार नाही."

"का?"

"शब्द दिलाय."

कुणाला, हे विचारायची साहेबांची हिंमत झाली नाही. ते टाचा उंचावून छटाकच्या पाठीमागे गेले आणि आपल्या हातांनी सॅक उपसू लागले. खात्यातला सगळ्यात मोठा माणूस सगळ्यात छोट्या निरीक्षकाच्या मागे उभा राहून हमाली करतोय, हे बाजाराने पहिल्यांदाच पाहिलं. पाच किलोचं निघालं, दोन किलोचं निघालं.

"एवढी पुरे झाली," साहेब धापा टाकत म्हणाले.

छटाकची पाठ हलकी झाली आणि चेहरा पडला. "साहेब, सात किलो कमी झालं. मला बारा वाजता टेकडीवर दहा मोजून द्यायचंय."

"कुणाला?"

"आहेत तिथं लोक. काटा घेऊन बसलेत."

साहेबांचा उरलासुरला रंग उडाला. "अहो, मग उभे काय राहिलात? भरा की काहीतरी. ए बटाटेवाले, यांना सात किलो दे. चांगले दे."

बटाटेवाल्याने खात्याचीच वजनं एका पारड्यात ठेवली आणि दुसऱ्यात बटाटे घालायला घेतले. पारडी समोरासमोर आल्यावर तो वाट बघत राहिला. आता हा गुडघ्यांवर बसणार, खाली हात घालणार. पण छटाक ताठ उभा. एक तर शपथ होती, आणि शपथ नसती तरी वाकायची सोय नव्हती.

"खाली बघायचं नाही का, साहेब?" बटाटेवाल्याने छटाकला विचारलं.

"नाही."

"हात तरी घालून बघा."

"नाही. आज तुझ्यावर विश्वास."

बटाटेवाल्याला जन्मात कुणी एवढं घाबरवलं नव्हतं. त्याने मुकाट्याने पारडं पुन्हा पुसलं, पुन्हा तोललं, आणि बटाटे सॅकमध्ये ओतले. छटाकने पैसे पुढे केले तेव्हा तर तो दोन पावलं मागे सरला. खात्याकडून पैसे घ्यायचे असतात, हे त्याला माहीत नव्हतं.

छटाक निघाला. मागे साहेबांचा आवाज चढला होता. ते आपल्याच पोसणाऱ्यांची मापं जप्त करत होते, आणि "साहेब, कोबी शिजली का?" असं पोत्यांमागून कुणीतरी विचारत होतं.

टेकडीच्या पायथ्याला झाडाखाली ग्रुप जमला होता. लेक रस्त्याकडे डोळे लावून बसली होती, पण बाप दिसताच बुटाची नाडी बांधू लागली. छटाक आला, घामाने न्हालेला, ताठ, आणि पाठीवर सॅक.

"वाटेत टेकलात?" कप्तानने विचारलं.

"नाही."

"काही तपासलंत?" लेकीने हळूच विचारलं.

"डोळे मिटून आलोय. एका गाईला धडकलो."

कप्तानने छातीचं बकल सोडून सॅक उतरवली. छटाकला एकदम इतकं हलकं वाटलं, की आपण आता जमिनीवरून उचलले जाऊ. कप्तानने फांदीला लटकवलेल्या जुन्या स्प्रिंगच्या काट्याच्या हुकात सॅक अडकवली. सुई लडबडली आणि थांबली.

"आठ," कप्तान म्हणाला.

छटाकचे कान तापले. बटाटेवाला! विश्वास टाकला एकदा, तीस वर्षांत एकदा, आणि त्याने त्याच घटकेला गळा कापला. लोखंड दीड, सॅक दीड, आणि सात किलोच्या नावाखाली पाच. त्याला बाजारात परत धावत जावंसं वाटलं.

आणि मग त्याची नजर काट्यावर गेली. तबकडी पिवळी पडलेली. काच तडकलेली. आणि शिक्का? खाली नाही, कडेला नाही, पाठीमागे तर नाहीच. शिक्का नसलेला काटा. त्याची बोटं बाजूच्या खिशाकडे गेली, जिथे एक किलोचं वजन होतं. एक क्षण लागला असता.

लेक त्याच्याकडे बघत होती.

त्याने हात खाली घेतला आणि डोळे मिटले.

"नियम म्हणजे नियम, काका," कप्तान म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. फक्त आपल्या आकड्यावर त्याचा फार जीव होता. "या बँकेतल्या बाईंना विचारा. पायथ्यापर्यंत ओझं आणतात बिचाऱ्या, पण मोठ्या ट्रेकच्या सरावाला अर्ध्या चढावर बसतात. प्रत्येक वेळी परत पाठवलंय मी. अंगात दम नाही तर नाही."

दगडावर बसलेल्या बँकेतल्या बाईंनी मान खाली घातली.

"बरोबर आहे," छटाक म्हणाला. "कमी ते कमी. मी जातो." आणि त्याने सॅकचे पट्टे हातात घेतले. त्याचा आवाज अगदी सरळ होता. आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलेलं वाक्य तो स्वतःला ऐकवत होता.

लेकीला बाप ओरडताना माहीत होता, भांडताना माहीत होता, शाळेच्या पटांगणात काटा घेऊन उभा माहीत होता. डोळे मिटून गप्प उभा राहिलेला बाप तिने पाहिला नव्हता. तो तिला बघवेना.

"बाबा, थांबा." ती पुढे आली. सॅकच्या बाजूच्या खिशात हात घालून तिने टॉवेलाचं गाठोडं काढलं. "हे काय आहे?"

"एक किलो. खात्याचं. मी चोरलंय ते," छटाक म्हणाला. आज सकाळपासून पहिल्यांदा त्याला वाक्य पूर्ण करू दिलं गेलं होतं.

"सर, सॅक काढा," लेक कप्तानला म्हणाली. तिने वजनाच्या कडीला दोरी ओवली आणि ते हुकात अडकवलं. सुई हलली, आणि किलोच्या बरीच अलीकडे उभी राहिली. आठशेवर.

कप्तानने तबकडीची काच पुसून पुन्हा बघितलं.

"सर, हा काटा तुम्ही कुठून आणलात?"

"आमच्या वडिलांचा आहे," कप्तान म्हणाला. मग पडेल आवाजात, "त्यांचं रद्दीचं दुकान होतं."

छटाकच्या तोंडून एक बारीक कण्हल्यासारखा आवाज आला. रद्दीवाल्याचा काटा. जो फक्त घेण्यासाठी असतो, देण्यासाठी कधीच नाही. आणि या काट्यावर हे लोक इतकी वर्षं आपली पाठ तोलत होते.

बँकेतल्या बाई दगडावरून उठल्या. "म्हणजे मी दहा म्हणून न्यायचे ते..."

"साडेबारा," छटाक म्हणाला, आणि घाबरून लेकीकडे बघितलं. "हे तपासणं नाही. नुसता भागाकार आहे."

"म्हणजे मला दम होता," बाई म्हणाल्या. त्या परत खाली बसल्या, पण आता निराळ्या बसल्या. "आणि सर, गेल्या वर्षी तुम्ही मला म्हणालात, तुमच्या हाडातच चढण नाही."

"माझा गुडघा," कप्तान स्वतःशीच बोलत होता. "डॉक्टर म्हणत होते, एवढं कशाला उचलता. मी म्हणायचो, दहाच तर आहे."

"गेल्या उन्हाळ्यात मी खिंडीतून रडत परत आले होते," लेक म्हणाली. "घरी सांगितलं, पाय मुरगळला." तिने हुकातलं वजन काढून तळहातावर घेतलं. त्याच्यावरच्या शिक्क्यावरून अंगठा फिरवला. "शाळेत मला किलो म्हणायचे," ती सगळ्यांना म्हणाली. "हा घ्या. हा खरा."

मग झाडाखाली सगळ्या सॅका उघडल्या. जो तो आपलं जास्तीचं सामान उपसू लागला. जाड पुस्तकं, फालतू हातोडी, कुणाचं तरी दळणाइतकं पीठ. कप्तानने आपला काटा टॉवेलात गुंडाळला. मेलेल्या माणसाचा चेहरा झाकावा तसा. छटाक बाजूला हात मागे बांधून उभा होता. शपथ दिवसभराची होती.

टेकडीवर ते सगळे हसत चढले. बँकेतल्या बाई सगळ्यांच्या पुढे. छटाक मागे, पाठीवर सात किलो बटाटे, आणि त्याच्या बरोबरीने लेक. अर्ध्या चढावर तिने विचारलं, "जड होतंय का?"

"होतंय. पण बरोबर आहे."

उतरताना संध्याकाळ झाली होती. बाजार शांत होता. साहेबांची जीप गेली होती, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्यांचा फोटो येणार होता, आणि सोमवारी छटाकने वजनं परत ठेवत सगळं कबूल केलं, तेव्हा ते दार लावून म्हणणार होते, "हे जर कुणाला बोललात, तर बघा." बायको शनिवारी रात्रीच बटाट्यांकडे बघून म्हणणार होती, "डोंगरावर पिकतात होय?"

पण त्याआधी बाप-लेक कोपऱ्यावर थांबले. बटाटेवाला आवराआवर करत होता. छटाकला बघून तो उभाच राहिला.

"सातच होते," छटाक म्हणाला. "पुरे सात."

"अजून काही राहिलंय का, साहेब?" बटाटेवाल्याने भीत भीत विचारलं.

छटाक उत्तर देणार, तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, की लेक शेजारी नाही. ती गुडघ्यांवर बसली होती आणि तिचा हात मालाच्या पारड्याखाली होता.

"अगं," तो म्हणाला, "आणि शपथ?"

"शपथ तुम्ही घेतली होती. मी नाही." तिने बोटं बाहेर काढून उजेडात बघितली. नखाला मेणाचा कण नव्हता. पितळेवर खरवडल्याच्या ताज्या खुणा तेवढ्या होत्या.

"सकाळी काढलं," बटाटेवाला म्हणाला. "दुपारी परत लावणार होतो. मग म्हटलं, राहू दे आजचा दिवस." त्याने तराजू उचलून आत ठेवला. "गिऱ्हाईक दुप्पट आलं हो. उद्याचं उद्या बघू."

लेक उठली, हात झटकले आणि बापाच्या सॅकचा सैल झालेला पट्टा ओढून नीट बसवला.

"उद्या सकाळी इथूनच जाऊ, बाबा," ती म्हणाली. "सरावाला."